परतीची गाडी आधी, पायवाट नंतर : ठाणे आणि नवी मुंबईतून बसने गाठता येणाऱ्या रानवाटा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने रानात चालायला जायचे ठरवले की घरात पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा : कोणाची न्यायची, कोण चालवणार, कुठे लावायची. माझे स्पष्ट मत असे आहे की पायी चालण्यासाठी स्वतःची मोटार ही सोय नसून अडचण आहे. मोटार जिथे उभी केली तिथेच परत यावे लागते, त्यामुळे डोंगराची एकच बाजू दोनदा पाहून माणूस घरी येतो. शिवाय पायथ्याच्या गावातल्या अरुंद रस्त्यावर रविवारी दहा-पंधरा मोटारी उभ्या राहिल्या की गावची बैलगाडी आणि शाळेची बस दोन्ही अडतात. बसने गेलेला माणूस मात्र डोंगराच्या एका अंगाला उतरून दुसऱ्या अंगाने घरी जाऊ शकतो. त्यासाठी दिवसाची आखणी मोटारीच्या सहलीपेक्षा वेगळ्या पद्धतीने करावी लागते. ती पद्धत आणि तिच्यात बसणाऱ्या काही वाटा येथे सविस्तर दिल्या आहेत.

आखणी उलट्या बाजूने करावी

वाट कोणती, हे ठरवण्याआधी परतीची गाडी कोणती, हे ठरवावे. गावातून शहराकडे येणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि तिच्या आधीची किती वाजता, या दोन वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. आपले लक्ष्य नेहमी शेवटून दुसरी गाडी असावे आणि शेवटची गाडी राखीव धरावी. जो शेवटच्या गाडीच्या भरवशावर चालतो, त्याला उतारावर घाई करावी लागते, आणि पाय मुरगळण्याचे प्रसंग बहुधा घाईच्या उतारावरच येतात.

यानंतर वेळेचा हिशेब मांडावा. सपाट पायवाटेवर सर्वसाधारण माणूस ताशी 4 किलोमीटर चालतो आणि दर 100 मीटर उंचीच्या चढाला साधारण 10 मिनिटे जास्तीची लागतात. समजा, वाट 10 किलोमीटरची आहे आणि तिच्यात 400 मीटरचा चढ आहे. अंतराचे अडीच तास, चढाची 40 मिनिटे आणि जेवण, पाणी, पाखरे पाहणे यांचा मिळून एक तास धरला तर 4 तास 10 मिनिटे होतात. त्यावर अनोळखी वाटेसाठी एक चतुर्थांश वेळ वाढवावा, म्हणजे बेरीज सव्वापाच तासांच्या जवळ जाते. परतीची गाडी चारची असेल आणि पावणेचारला थांब्यावर पोहोचायचे असेल, तर चालायला सुरुवात साडेदहाच्या आत झाली पाहिजे. जाण्याची गाडी यावरून आपोआप ठरते. ती सोयीची नसेल तर वाट छोटी करावी, पण हिशेबातले तास कमी करू नयेत. सोबत लहान मुले किंवा वयस्क माणसे असतील, तर ताशी 3 किलोमीटर धरणेच योग्य.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत किंवा दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येते. जूनमध्ये हीच वेळ सव्वासातपर्यंत लांबते, पण पावसाळी ढगांमुळे त्या जास्तीच्या उजेडाचा भरवसा धरता येत नाही.

गावच्या गाड्यांविषयी शहरी माणसाला सहसा माहीत नसलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली मुक्कामी गाडीची. संध्याकाळी स्टँडवरून गावाकडे गेलेली शेवटची एसटी बऱ्याच ठिकाणी रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत येते. संध्याकाळी सातला पनवेलहून गाडी सुटते, म्हणजे आठला ती आपल्याला घेऊन परत येईल, असे गृहीत धरणारा माणूस गावातच अडकतो. म्हणून जाणाऱ्या गाडीच्या वेळेवरून येणाऱ्या गाडीची वेळ कधीही ठरवू नये. दुसरी गोष्ट शाळेची. गावाकडच्या अनेक फेऱ्या विद्यार्थ्यांच्या वेळेला बांधलेल्या असतात आणि रविवारी, दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत त्यांतील काही बंद राहतात. चौकशी करताना तारीख सांगूनच विचारावे : येत्या रविवारी ही फेरी आहे का?

चौकशी कोठे आणि कशी करावी

मोबाइलवर दिसणारे वेळापत्रक सुरुवातीला कामाला येते, पण निर्णय त्यावर सोडू नये. आगाराच्या चौकशी खिडकीवर किंवा वाहतूक नियंत्रकाकडे विचारलेली वेळ अधिक खरी असते, आणि सर्वांत खरी वेळ सांगतो तो त्या मार्गावरचा वाहक. गाडीतून उतरतानाच त्याला विचारावे : “दादा, इथून पनवेलला शेवटची गाडी किती वाजता, आणि ती कुठे थांबते?” शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. जाणारी गाडी पारावर थांबते आणि येणारी शाळेसमोर, असे अनेक गावांत असते. गाडी गावात वळून येत असेल तर दोन्ही थांबे एकच असतात, पण फाट्यावरून परस्पर जात असेल तर रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे लागते.

उतरल्यावर गावातल्या एका तरी माणसाकडून त्या वेळेची खातरजमा करून घ्यावी. येथे विचारण्याच्या रीतीवर बरेच अवलंबून असते. “मावशी, पाच वाजता गाडी आहे ना?” असे विचारले, तर पाहुण्याचे मन राखण्यासाठी बहुतेक वेळा “हो, आहे की” असेच उत्तर मिळते. “मावशी, संध्याकाळी पनवेलला जायचं तर तुम्ही कितीची गाडी धरता?” असे विचारले की ती स्वतः ज्या गाडीने बाजाराला जाते त्याच गाडीची वेळ सांगते. दुकानदार, शाळेतले गुरुजी आणि थांब्यावर गाडीची वाट पाहत बसलेली माणसे यांच्याकडून मिळालेली माहिती सहसा पक्की असते.

गाडीची पाटी पूर्ण वाचावी. एकाच गावाला जाणाऱ्या दोन गाड्यांचे मार्ग वेगळे असू शकतात आणि पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या ‘मार्गे’ या ओळीतच आपला फाटा दडलेला असतो. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मधल्या थांब्यांवर थांबत नाहीत, तेव्हा चढण्यापूर्वीच वाहकाला थांब्याचे नाव सांगून तो “या” म्हणाला तरच चढावे. सुटे पैसे जवळ ठेवावेत. एसटीच्या तिकिटात महिलांना मार्च 2023 पासून निम्मी सवलत आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मी आहे आणि 75 वर्षांवरील नागरिकांना प्रवास विनामूल्य आहे. त्यासाठी वयाचे ओळखपत्र सोबत लागते. ठाणे आणि नवी मुंबई परिवहनच्या गाड्यांचे सवलतीचे नियम वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नये.

सरावाची वाट : येऊर

ठाणेकरांनी सुरुवात येऊरपासून करावी. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून टीएमटीची, म्हणजे ठाणे परिवहनची, बस थेट येऊर गावापर्यंत जाते. हा सगळा परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडील कुशीत आहे आणि येथील पाड्यांत वारली व इतर आदिवासी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात. बसने वर जावे, पाड्यांना जोडणाऱ्या रस्त्याने रमत फिरावे आणि परतताना घाटाचा रस्ता पायी उतरून उपवन तलावापर्यंत यावे. उपवनहून स्टेशनकडे गाड्या सतत असतात. संपूर्ण वाट उताराची असल्याने नवख्या माणसालाही जमते. रस्ता सोडून जंगलात शिरण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते, आणि हा बिबट्यांचा प्रदेश असल्यामुळे दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी खाली आलेले बरे. शक्य असेल तर कामाच्या दिवशी जावे. रविवारी या रस्त्यावर इतक्या मोटारी येतात की चालण्याचे सुख उरत नाही.

पहिली पूर्ण दिवसाची वाट : कर्नाळा

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने पनवेल गाठता येते, नवी मुंबईकरांना हार्बर मार्ग आहेच. पनवेल रेल्वे स्थानक आणि एसटी स्टँड यांच्यात काही अंतर आहे. ते पायी किंवा रिक्षाने ओलांडून पेण अथवा अलिबागकडे जाणारी साधी गाडी धरावी आणि “कर्नाळा अभयारण्य” असे तिकीट मागावे. अंतर सुमारे 12 किलोमीटरचे आहे. वाटेत शिरढोण लागते. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा 1845 साली जन्म झाला ते हेच गाव, आणि परतीच्या प्रवासात वेळ उरल्यास येथे उतरून पुढची गाडी धरता येते.

कर्नाळा 1968 साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होते, 2003 मध्ये ते वाढवून 12 चौरस किलोमीटरच्या वर नेले गेले. प्रवेशद्वारावर शुल्क भरावे लागते आणि आत नेल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या वस्तूंची नोंद होते, म्हणून धातूची बाटली आणि कापडात बांधलेली भाकरी नेणे सोयीचे पडते. आत हरियाल आणि मोरटाका या नावांच्या दोन निसर्गवाटा आहेत. ज्याला फक्त पाखरे पाहायची आहेत त्याने पहिल्या गाडीने यावे आणि याच वाटांवर सकाळ घालवावी. पाखरे दहाच्या पुढे शांत होतात, मग कितीही चालले तरी हाती फारसे लागत नाही. शेपटीची दोन लांब पिसे मिरवणारा भांगराज, पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग आणि ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर ही येथील पाखरे आहेत. कस्तूर डोळ्यांना दिसण्याआधी कानांना सापडतो, म्हणून ओढ्याजवळ पाच मिनिटे न बोलता उभे राहावे.

किल्ल्याची वाट अभयारण्यातूनच वर जाते. सुरुवातीला झाडीतला दमवणारा चढ, नंतर डोंगरसोंडेवरची मोकळी चाल आणि शेवटी दरवाजा, असा तिचा क्रम आहे. लांबून अंगठ्यासारखा दिसणारा जो सुळका महामार्गावरून ओळखू येतो, त्याच्या तळाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सुळक्यावर चढणे हे दोर आणि साधने असलेल्या प्रशिक्षित गिर्यारोहकांचे काम आहे. तेथे आग्या मोहोळे असतात, त्यामुळे धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. जाऊन-येऊन पाच तास हाताशी असल्याशिवाय किल्ल्याकडे वळू नये आणि पावसाळ्यात वाट खुली आहे की नाही हे प्रवेशद्वारावरच विचारून घ्यावे.

या वाटेतला खरा धोका डोंगरात नसून रस्त्यावर आहे. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो आणि पनवेलची गाडी पलीकडच्या बाजूला धरावी लागते. वळणावरून रस्ता ओलांडू नये, दोन्ही बाजू दूरवर दिसतील अशा ठिकाणी सर्वांनी एकत्र ओलांडावा. येणारी गाडी हात दाखवल्याशिवाय थांबत नाही, तेव्हा झाडाच्या सावलीत न बसता चालकाला दिसेल असे, पण डांबरापासून दूर उभे राहावे.

एका बाजूने चढून दुसरीकडे उतरण्याची वाट : धोदाणी ते माथेरान

बसने जाणाऱ्या माणसालाच साधणारी वाट म्हणून मला ही सर्वांत मोलाची वाटते. पनवेलहून नेरे-मालडुंग्याच्या बाजूला धोदाणीकडे बस जाते. ती स्टेशनजवळून सुटते की स्टँडजवळून, आणि थेट धोदाणीपर्यंत जाते की अलीकडच्या गावात वळते, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे, कारण वळणाऱ्या गाडीने गेल्यास पायथ्यापर्यंतचे चालणे हिशेबात धरावे लागते. सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी चुकल्यास ही वाट त्या दिवशी करू नये.

शहर नेऱ्यापर्यंत मागे सरत जाते. पुढे गाढी नदीवरच्या, पनवेलला पाणी पुरवणाऱ्या देहरंग धरणाचा जलाशय दिसू लागतो, भातखाचरे रस्त्याला लागून येतात आणि समोर माथेरानची भिंत उभी राहते. गाडीत उजवीकडची खिडकी मिळाली तर प्रबळगड आणि त्याला चिकटलेला कलावंतीणीचा सुळका पाहता येतो.

धोदाणीहून माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे जाणारी वाट ही हौशी भटक्यांनी पाडलेली नाही. खालच्या वाड्यांतली माणसे रोजगारासाठी आणि माल विकण्यासाठी याच वाटेने वर जातात, त्यामुळे ती मळलेली आणि ठळक आहे. सकाळी डोक्यावर ओझे घेतलेले कोणी दिसले तर त्यांच्या मागे चालावे. त्यांची चाल पाहण्यासारखी असते : पाऊल लहान, वेग एकसारखा, आणि ठरलेल्या दगडापाशीच ओझे टेकवून विसावा. चढावर आपणही हाच क्रम ठेवला तर दम टिकतो. वाटेत ओझे घेतलेला माणूस समोरून आला तर आपण डोंगराच्या बाजूला सरकून त्याला जागा द्यावी.

चढ सुमारे 600 मीटरचा आहे. खालचा अर्धा भाग उघडा आहे आणि ऑक्टोबरचे ऊन तेथे सकाळी नऊपासूनच लागते. वरच्या भागात झाडी दाट होते आणि वाट कड्याखालून आडवी होत माथ्याकडे जाते. बेताने चालणाऱ्याला अडीच ते तीन तास पुरतात. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्यावे. वर पोहोचण्याआधी एकदा मागे वळून पाहावे : खाली जलाशय, समोर प्रबळगड आणि उत्तरेकडे चंदेरी-मलंगगडाची रांग एकाच नजरेत येते. पावसाच्या मुख्य महिन्यांत या वाटेवर दगड सुटतात आणि शेवाळाने पाय ठरत नाही, म्हणून ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हाच तिचा काळ समजावा.

माथेरान हे मोटारींना बंदी असलेले गिरिस्थान आहे आणि 2003 पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. सनसेट पॉइंटपासून बाजारपेठेपर्यंत लाल मातीचा सावलीचा रस्ता आहे, त्याला पाऊण तास लागतो. बाजारात जेवण करून, मोटारी जिथवर येतात त्या दस्तुरी नाक्याकडे निघावे. तेही अंतर पाऊण तासाचे आहे. पाय थकले असतील तर माथेरान स्थानकातून अमन लॉजपर्यंत छोट्या रेल्वेची शटल फेरी मिळते आणि दस्तुरी नाका तेथून जवळच आहे. नेरळपासूनची गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात, शटल मात्र बहुधा चालू असते. दस्तुरीवरून नेरळला उतरण्यासाठी वाटून भाडे घेणाऱ्या टॅक्सी आहेत, आणि एसटीची मिनीबस कर्जतच्या बाजूने येते, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच असल्याने तिची वेळ आधी माहीत असेल तरच थांबावे. नेरळहून मध्य रेल्वेची लोकल थेट ठाण्याला आणते. नवी मुंबईकरांनी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरावी. याप्रमाणे सकाळी पनवेलच्या बाजूने निघालेला माणूस संध्याकाळी कल्याणच्या बाजूने घरी येतो आणि मागे कोणाची मोटार उभी राहत नाही.

ज्येष्ठांसाठी : वज्रेश्वरी ते गणेशपुरी

ठाण्याहून भिवंडीला आणि तेथून वज्रेश्वरीला एसटीने जाता येते. वसईच्या 1739 सालच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी येथील देवीचे मंदिर बांधवले, त्याला किल्ल्यासारखा दरवाजा आणि दगडी पायऱ्या आहेत. दर्शन घेऊन तानसा नदीच्या अंगाने अकलोलीला आणि तेथून गणेशपुरीला चालत जावे. तिन्ही गावांत गरम पाण्याची कुंडे आहेत आणि एकूण चाल साडेतीन-चार किलोमीटरपेक्षा जास्त नाही, चढही नाही. कुंडात उतरण्याआधी पाण्याला हात लावून पाहावा, काही कुंडांचे पाणी अंगाला सोसत नाही. नदीचे पात्र शांत दिसले तरी पावसाळ्यात त्यात पाय घालू नये. गणेशपुरीहून परतीची गाडी मिळते, न मिळाल्यास वज्रेश्वरीपर्यंत मागे येणे अवघड नाही.

पावसाळा, शेत आणि सामान

धबधब्यांसाठी म्हणून कोणतीही वाट आखू नये. खारघरचा पांडवकडा 107 मीटर उंचीवरून कोसळतो आणि दरवर्षी पावसाळ्यात तेथे जाण्यास मनाई होते, कारण डोंगरावर पडलेल्या पावसाने ओढा काही मिनिटांत भरतो आणि पलीकडे अडकलेल्यांना परतता येत नाही. हाच नियम प्रत्येक ओढ्याला लागू आहे : जाताना पाणी गुडघ्याला लागले तर पुढे न जाता वळावे. जुलैमध्ये लावणी चालू असताना खाचरांच्या बांधावरून चालू नये. ओला बांध आपल्या बुटांखाली खचतो, खाचरातले पाणी वाहून जाते आणि शेतकऱ्याचे दिवसभराचे काम वाढते. वाट बांधावरूनच असेल तर शेतात असलेल्या काकांना विचारून, एकामागे एक जावे.

पिशवीत पाणी, भाकरी-चटणी किंवा तत्सम कोरडे जेवण, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेची पुडी, विजेरी, पातळ रेनकोट, क्रेप बँडेज आणि कोरडे मोजे असावेत. बसमध्ये मोठी पाठपिशवी इतरांच्या तोंडावर येते, ती पुढे घेऊन चढावे. मोबाइलवर वाटेचा नकाशा घरूनच उतरवून ठेवावा, कारण धोदाणीच्या बाजूला संपर्क तुटतो. निघताना घरी दोन वेळा सांगाव्यात : परतीच्या गाडीची, आणि काही कळले नाही तर कितीनंतर शोध सुरू करायचा त्याची.

गाडी चुकलीच तर

राखीव धरलेली गाडीही निघून गेली असेल तर अंधारात पुन्हा डोंगराकडे किंवा आडवाटेने दुसऱ्या गावाकडे जाऊ नये. प्रथम थांब्याजवळच्या दुकानात सांगावे. गावातून फाट्यापर्यंत जाणारी रिक्षा, टमटम किंवा दुधाची गाडी केव्हा निघते हे दुकानदाराला ठाऊक असते आणि फाट्यावर मोठ्या रस्त्याच्या गाड्या उशिरापर्यंत मिळतात. फाटा दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर डांबरी रस्त्याने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, विजेरी लावून सर्वांनी मिळून चालावे. त्याहून लांब असेल तर गावातच थांबावे, पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटून शाळेत वा मंदिरात रात्र काढण्याची परवानगी मागावी, आणि कोणी दुखावले असल्यास 112 या क्रमांकावर कळवावे. गावात मुक्कामी गाडी असेल तर पहाटे निघण्याची तिची वेळ रात्रीच वाहकाला विचारून घ्यावी.